बोलण्याचं बटण

प्रदीपचा आवाज तेव्हा गेला नव्हता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. त्याला नाही, त्याच्या आईला नाही, आणि मस्कतला बसलेल्या त्याच्या मित्राला तर नाहीच.

काँप्युटर दुरुस्तीच्या धंद्यातले गमतीचे अनुभव लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं. गमती आहेत. इतकी वर्षं दुकान चालवल्यावर त्या साचतातच. पण लिहायला बसलो की प्रत्येक वेळी प्रदीप पुढे येऊन बसतो, आणि त्याच्या पुढ्यात गमती सांगवत नाहीत. तेव्हा एखाददुसरी गंमत सांगतो, म्हणजे धंदा कसला ते कळेल, आणि मग मुद्द्यावर येतो. आता टाळलं तर पुन्हा कधी लिहिणार नाही, हे मला माझ्याबद्दल पक्कं ठाऊक आहे.

माझं दुकान माणिकपूरला, रिक्षा स्टँडच्या समोरच्या गल्लीत. एका शटरची जागा. लोक ज्या मशिनला भंगारात काढतात तिला आणखी काही वर्षं चालती ठेवणं, हा माझा धंदा. नवी विंडोज जुन्या मशिनवर चढत नाही. चढलीच तर मशीन धापा टाकते. तिथे मी विंडोजच्या जागी लिनक्स टाकतो. फुकट मिळते, हलकी असते, आणि जुन्या मशिनला तरतरी येते. गिऱ्हाइकाला पहिले चार दिवस चुकल्याचुकल्यासारखं होतं, मग तो विसरून जातो.

आता गंमत. एकदा चर्चगेटला बँकेत जाणारे एक गृहस्थ मशीन उचलून आले आणि म्हणाले, "यात लिनक्स टाका."

स्वतःहून लिनक्स मागणारं गिऱ्हाईक मी प्रथमच पाहत होतो. म्हटलं, "वा! वापरलीय का आधी?"

"छे हो. ऑफिसात ऐकलं, तिच्यात गेम चालत नाहीत. पोरीची बारावी आहे."

मी टाकून दिली. दोन-तीन दिवसांत ती पोरगी, ऋतुजा तिचं नाव, क्लासची बॅग पाठीवर घेऊन दुकानात हजर. "काका, बाबांनी लिनक्स टाकून घेतलीय ना, तिच्यात गेम कसे चालवायचे ते दाखवा."

"बाबांना सांगू?"

"सांगा ना. मग मीही सांगते, की गेम चालतात हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात."

मी दाखवलं. गप्प बसण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे त्या पोरीनं पहिल्या भेटीतच ओळखलं होतं.

कारण गेम चालतात. हल्ली तर उत्तम चालतात. फक्त एक निवड करावी लागते, आणि तिथेच माझी गोष्ट अडकलेली आहे. ती निवड आधी समजावून सांगतो.

काँप्युटरचा पडदा आणि आतले प्रोग्रॅम यांच्यामध्ये एक मुकादम असतो. कुणाची खिडकी कुठे उघडायची, कोण पुढे, कोण मागे, तुम्ही दाबलेलं बटण कुणाला पोचवायचं, हे तो ठरवतो. त्याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. विंडोजमध्ये तो एकच असतो, त्यामुळे त्याचं नावही कुणाला माहीत नसतं. लिनक्समध्ये दोन आहेत, एक जुना आणि एक नवा. जुन्याचं नाव एक्स-इलेव्हन, नव्याचं वेलँड. मशीन सुरू झाल्यावर पासवर्ड मागते ना, त्या पडद्यावर कोपऱ्यात एक छोटं चाक असतं. ते दाबून दोघांतला एक निवडायचा. बस. बहुतेकांना ते चाक जन्मात दिसत नाही.

फरक विचारणाऱ्या गिऱ्हाइकांना मी इथलंच उदाहरण द्यायचो. जुना मुकादम म्हणजे गिरीजच्या वाडीतलं घर. मागचं दार सताड उघडं. विहिरीवर कुणी कुणाला हाक मारली की केळीतून तिसऱ्या वाडीतला माणूस ओ देतो. सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येतं. आणि चोर आला तर त्यालाही. नवा मुकादम म्हणजे चंदनसारचा टॉवर. प्रत्येकाचं दार बंद, खाली वॉचमन. एका प्रोग्रॅमनं काय दाबलं ते दुसऱ्याला कळत नाही. तुमचा पासवर्ड शेजारचा चोरटा प्रोग्रॅम ऐकू शकत नाही. शिवाय चित्र गुळगुळीत. जुन्याकडे वेगात हलणारं चित्र कधीकधी मधोमध कापल्यासारखं दिसतं, वरचा अर्धा पुढे गेलेला, खालचा मागे राहिलेला. नव्याकडे ते होत नाही. वेगवेगळ्या वेगाचे दोन पडदे जोडले असतील तरी तो दोघांना नीट सांभाळतो.

"टॉवरमध्ये एका घरात हाक मारली तर दुसऱ्या घरात ऐकू जात नाही," हे वाक्य मी नेहमी फायदा म्हणून सांगायचो.

प्रदीप टेम्पो चालवायचा. गिरीज, भुईगाव, त्या बाजूच्या वाड्यांतली फुलं आणि भाजी पहाटे दादरच्या बाजारात पोचवायची, हे त्याचं काम. त्याच्या शेजारी क्लीनर म्हणून गिरीजचाच रेमंड बसायचा. पुढे प्रदीपला स्नायूंचा आजार झाला. आधी पायांतला जोर गेला, मग हळूहळू हातांतला. टेम्पो विकला. आईला घेऊन तो चंदनसारला एका इमारतीत तळमजल्यावर राहायला आला, कारण खुर्चीची चाकं तिथे सरळ आत जातात. रेमंड मस्कतला गेला आणि तिथे ट्रक चालवायला लागला. क्लीनरचा ड्रायव्हर झाला आणि ड्रायव्हर खुर्चीत बसला. हे वाक्य माझं नाही, प्रदीपचंच. तो हे हसून सांगायचा.

त्याच्या भाच्यानं दिलेली जुनी मशीन घेऊन त्याची आई रिक्षातून दुकानात आली होती. मिठागराच्या गावची बाई, बोलण्यात कुणाची भीड नाही.

"भाऊ, यात गाडी चालवायचा खेल पायजे. आनि चालला नाय तर मी परत येनार."

ती परत येऊ नये म्हणून मी मशीन पोचवायला स्वतः गेलो, आणि मग जातच राहिलो.

ट्रक चालवायचा तो खेळ. लांबलचक रस्ते, मालाची पोच, आरसे, गिअर, डिपर, सगळं. इंटरनेटवरून दोन ट्रक एकमेकांमागे चालवता यायचे. दर रविवारी संध्याकाळी मस्कतहून रेमंड आणि चंदनसारहून प्रदीप एकत्र गाडी काढायचे. प्रदीपच्या अंगठ्यांत तेव्हा दोन्ही हातांत धरायचा खेळाचा कंट्रोलर चालवण्याइतका जोर होता. बोलण्यासाठी दुसऱ्या, जुन्या पडद्यावर एक बोलायचा प्रोग्रॅम उघडा ठेवलेला असायचा.

एक अडचण होती. प्रदीपचा श्वास मोठा यायचा. माइक चालू राहिला की तो रेमंडला सतत ऐकू जायचा. प्रदीपला ते नको होतं. "माझा घरघराट त्याला कशाला? तो गाडी चालवतोय का दवाखान्यात बसलाय?" म्हणून बटण दाबेल तेवढाच वेळ माइक चालू राहील अशी सोय हवी होती. पण बोटं कंट्रोलरवर. मग मी एक जुना कीबोर्ड खोलला, त्यातल्या एका बटणाच्या दोन तारा बाहेर काढल्या आणि दाराच्या बेलच्या मोठ्या बटणाला जोडल्या. ते बटण खुर्चीच्या हाताला, कोपराखाली बसवलं. कोपर टेकला की माइक चालू, उचलला की बंद.

इतक्या वर्षांत मी हातानं केलेल्या कामांत मला ते सगळ्यात आवडतं. अजूनही.

पहिल्या रविवारी आवाज नीट जातो की नाही पाहायला मी दुकानातून त्यांच्या बोलण्यात तिसरा म्हणून जोडला गेलो. काम झाल्यावर निघतो म्हणालो, तर रेमंड म्हणाला, "बसा हो दादा. दोन ड्रायव्हर झाले, क्लीनर कोणीच नाय."

"बघ हां," प्रदीप म्हणाला, "ते तुझ्यासारखे झोपणार नाहीत."

"मी झोपायचो? तुला गाडीवर कोण जागं ठेवायचा रे? घोडबंदरला गाणी कोण म्हणायचं?"

"त्या गाण्यांमुळेच मी जागा राहायचो. भीतीनं."

मी बसलो. त्या रविवारी, आणि नंतरच्या प्रत्येक रविवारी. माझ्या घरी कुणी नसतं. बायको माहेरी गेली ती आली नाही, आणि तिनं न येण्याचं कारणही भांडण नव्हतं. मी बोलत नाही, हे कारण होतं. एका घरात दोन माणसं न बोलता किती काळ काढू शकतात हे मला आतून माहीत आहे. रविवारी शटर अर्धं ओढून मी कानाला हेडफोन लावून बसायचो आणि त्या दोघांच्या शिव्या, टोमणे, जुन्या रस्त्यांची नावं ऐकायचो. माझा माइक बंदच असायचा. मध्येच रेमंड ओरडायचा, "क्लीनर, मागून कोण येतंय बघ!" आणि मी दुकानात एकटा हसायचो. त्याचं उत्तर द्यावं लागत नसे, हे मला फार बरं वाटायचं.

मग भाच्यानं प्रदीपला नवा पडदा दिला. वेगवान. त्यावर तो खेळ उघडला की वळणावर चित्र कापलं जायचं. प्रदीप एवढंच म्हणाला होता, "दादा, वळण घेताना रस्ता मधूनच सरकल्यासारखा दिसतो. पण चालतंय. राहू दे."

मला राहू देता आलं नाही. यात खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांपेक्षा माझी खाज जास्त होती. नवा मुकादम आता चांगला तयार झालाय, असं मी सगळीकडे वाचत होतो. एक वेगवान पडदा, एक जुना पडदा, मध्ये गाडीचा खेळ. अशा मशिनला वेलँडच हवा, असं कुणीही जाणकार सांगेल. मीही आज तेच सांगेन. मशीन दुकानात आणली, वेलँडवर नेली, खेळ आणि बोलायचा प्रोग्रॅम दोन्ही खास त्याच्यावर चालतील असे बसवले. खेळ लावून पाहिला. रस्ता वळणावर लोण्यासारखा. खेळ बंद केला. बोलायचा प्रोग्रॅम लावला, बेलचं बटण दाबलं, बोललो. आवाज गेला.

दोन्ही तपासलं. वेगवेगळं तपासलं. दोन्ही एकत्र लावून, खेळ पुढे असताना बटण दाबून पाहिलं नाही. आमच्या धंद्यात नव्यानं आलेल्या माणसाला मी पहिल्या आठवड्यात सांगतो, गिऱ्हाईक जसं वापरणार तसं वापरून बघ. मी ते केलं नाही. घाई नव्हती. मी फक्त वळणावरच्या रस्त्याकडे पाहत राहिलो होतो. आपण केलेली निवड किती बरोबर, ते पाहत होतो.

त्या रविवारी मी दुकानात हेडफोन लावून बसलो. सुरुवातीला दोघं बोलले. गाड्या निघाल्या आणि प्रदीपचा आवाज थांबला.

"पद्या, डावीकडे घे... पद्या? ऐकतोस ना?"

काही नाही.

"अरे पद्या, झोपलास काय? क्लीनर, उठवा याला."

काही नाही. रेमंड बराच वेळ एकटा बोलत राहिला. आधी थट्टेत, मग नुसतंच नाव घेत. माझ्या हाताशी माझं बटण होतं. ते दाबून "आवाज येत नाहीये, मी बघतो" एवढं म्हणायला हवं होतं. मी ऐकत राहिलो. का, ते अजून कळलेलं नाही. कुणी कुणाला हाक मारत असताना मधे बोलायची मला सवयच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून चंदनसारला गेलो. आईनं दार उघडलं. "या. काल दीड तास कोपर दाबून बसला होता. खांदा सुजलाय त्याचा."

मशीन चालू केली. रेमंड गाडी धुवायला लावून बसला होता, त्याला जोडून घेतलं. बोलायचा प्रोग्रॅम पुढे होता. मी प्रदीपच्या कोपराखालचं बटण दाबलं आणि म्हणालो, "रेमंड, येतोय का आवाज?"

"खणखणीत, दादा."

म्हटलं, चला. प्रदीपला सांगितलं, "आता तुम्ही खेळ लावा आणि बोला." त्यानं खेळ लावला. खेळ पुढे आला, बोलायचा प्रोग्रॅम मागे गेला. त्यानं कोपर टेकवला.

"रेम्या. रेम्या, ऐकू येतंय?"

रेमंडकडून काही नाही. पुन्हा बोलला. काही नाही.

माझा आवाज पलीकडे पोचला, त्याचा पोचला नाही. बटण तेच, माइक तोच, मशीन तीच. मग वेगळं काय? माणूस. मी इतकाच विचार केला. माझं बोलणं आणि त्याचं बोलणं यांच्यामध्ये खिडकी बदलली होती, पुढचा प्रोग्रॅम बदलला होता, हे माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मला दिसलं नाही. टॉवरमध्ये एका घरातली हाक दुसऱ्या घरात जात नाही. खेळाच्या घरात दाबलेलं बटण बोलायच्या प्रोग्रॅमच्या घरात पोचतच नव्हतं. जुन्या मुकादमाकडे ते आपोआप पोचायचं, मागचं दार उघडं होतं म्हणून. जे वाक्य मी शंभर गिऱ्हाइकांना सांगितलं ते मला त्या खोलीत आठवलं नाही.

मी म्हणालो, "प्रदीपभाऊ, आवाज जरा खाली गेलाय तुमचा. माइक उचलत नाही."

हे वाक्य मी कसं म्हणालो तेही सांगायला हवं. सहज म्हणालो. स्क्रू ढिला झालाय म्हणावं तसं.

प्रदीप पडद्याकडेच पाहत होता. मग म्हणाला, "सुरू झालं तर."

त्याच्या आजाराबद्दल डॉक्टरांनी त्याला सांगून ठेवलं होतं. पाय, मग हात, आणि पुढे कधीतरी आवाज. हे मला तोवर माहीत नव्हतं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय सुरू झालं? कोन म्हनतं? मला तर नीट ऐकू येतो त्याचा आवाज. आत भांडी घासताना पन ऐकू येतो."

आणि मी, मशिनचा जाणकार, तिला म्हणालो, "आई, घरच्या माणसाला येतोच. मशिनला जोर लागतो."

प्रदीपला म्हटलं, बटण काढून माइक कायम चालू ठेवू. तसं केलं असतं तरी त्याचा आवाज पोचला असता आणि माझी चूक उघडी पडली असती. तो मान हलवून नको म्हणाला. "श्वास नको. त्याला नको."

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी गाड्या काढल्या, पण प्रदीपनं बटण दाबणं सोडूनच दिलं. रेमंड बोलायचा आणि प्रदीप डिपर द्यायचा, म्हणजे गाडीचे दिवे उघडझाप करायचा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. रस्त्यावरच्या ड्रायव्हरांची ती जुनीच भाषा, शिकावी लागली नाही. मला दुकानात डिपर दिसत नसे. मला फक्त रेमंड ऐकू यायचा.

"मस्कतला आज लई गरम. तिकडे? ... हां, दिसला. ... आईची तब्येत बरी? ... बरी. ... माझी आठवण काढते? ... दोनदा दिलास काय रे, नालायक!"

तो हसायचा, आणि त्याचं हसणं संपल्यावर जो वेळ जायचा तो मला सहन व्हायचा नाही. पण मी हेडफोन काढत नव्हतो.

प्रदीपनं घरीही बोलणं कमी केलं. आवाज जपायचा, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. जेवढा उरलाय तेवढा कामाला ठेवायचा. टाकीत डिझेल थोडं असलं की उगाच इंजिन चालू ठेवायचं नाही, तसं. आई काही विचारायची, तो मानेनं सांगायचा.

बरेच महिने गेले. मग ऋतुजा आली. आता कॉलेजात होती, केस निळे केले होते.

"काका, वैताग आलाय. मी मैत्रिणींबरोबर खेळते ना, बटण दाबून बोललं तर कुणाला ऐकूच जात नाही. गेममधून बाहेर आले की जातं. आधी वाटलं माइक गेला. मग मी शोधलं. वेलँड आहे म्हणून होतंय हे. मला जुनं करून द्या."

प्रदीपच्या कोपराखालचं बटण माझ्या डोळ्यांसमोर आलं. ती म्हणाली, "काका, बसा. पाणी देऊ का?" तिनंच स्टँडवरून चहा मागवला. मी तिला काही सांगितलं नाही. तिची मशीन करून दिली आणि ती गेल्यावर शटर ओढलं.

चंदनसारला जाताना मी वाक्य जुळवत होतो. रिक्षात जुळलं होतं. दारात आई म्हणाली, "आलात भाऊ. बघा जरा त्याच्याकडं. बोलत नाय तो आता. खोकला आला तरी दाबतो." आणि माझं वाक्य गेलं.

माझ्या पिशवीत एक नवा माइक होता. वाटेतल्या दुकानातून घेतला होता. म्हणजे रिक्षात सत्याचं वाक्य जुळवत असताना हातानं मी खोट्याचीही तयारी केली होती. मी म्हणालो, "नवीन माइक आणलाय. बारीक आवाजही उचलतो." माइक लावला. मशीन बंद करून चालू केली. कोपऱ्यातलं चाक दाबलं, जुना मुकादम निवडला. प्रदीपनं ते पाहिलं असेल, पण त्याला त्याचा अर्थ कळायचं कारण नव्हतं. रेमंडला बोलावलं. खेळ लावला.

"टेकवा कोपर."

त्यानं टेकवला. बराच वेळ त्याला बोलता येईना. सवय मोडली होती. मग म्हणाला, "रेम्या."

पलीकडे काही पडल्याचा आवाज आला. "पद्या! आला रे! आला आवाज! अरे काय केलं काय त्या क्लीनरनं? देव भलं करो त्याचं!"

प्रदीपचे डोळे भरले होते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, माइक भारी आहे."

मी म्हणालो, "हो."

मी तिथे जे काही होतो ते त्या एका शब्दात संपलं.

आईनं मला केळफुलाची भाजी आणि भाकरी वाढल्याशिवाय सोडलं नाही. मी जेवलो.

त्यानंतर काही महिने रविवार पुन्हा पहिल्यासारखे झाले. मी दुकानात बसून ऐकायचो. इथवर कुणाला वाटेल, चूक झाली, निस्तरली. मलाही तसं वाटू लागलं होतं. एकदा मशीन पुसायला म्हणून गेलो तेव्हा कळलं. प्रदीप माझ्याशी खुणांनीच बोलला. आईशीही खुणांनीच. माइक भारी होता म्हणून आवाज पोचत होता, आवाज मात्र गेलेलाच होता, असा त्याचा हिशेब. तो हिशेब मीच त्याला घालून दिला होता. तो आठवडाभर गप्प राहून सगळा आवाज रविवारसाठी राखून ठेवत होता.

आई मला दारापर्यंत सोडायला आली. हसत म्हणाली, पण हसणं खरं नव्हतं. "भाऊ, त्या रेम्याशी तास तास बोलतो. माझ्याशी बोलायला मी पन एक माइक लावून घेऊ काय गळ्यात?"

तेव्हा सांगायचं होतं. दार उघडं होतं, तो आत चार पावलांवर होता. "आई, त्याचा आवाज चांगला आहे, माझी चूक झाली," एवढं म्हटलं असतं तर तो त्याच संध्याकाळी तिच्याशी बोलला असता. भांडला असता कदाचित. मलाही शिव्या दिल्या असत्या, आणि त्या तिनं ऐकल्या असत्या. मी म्हणालो, "होईल नीट." आणि चपला घातल्या.

पुढे खरोखरच आवाज गेला. आधी शब्द जड झाले, मग तुटले. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, फक्त त्यांनी सांगितलं त्या वेळी, मी सांगितलं त्या वेळी नाही. मधला सगळा काळ त्याच्याकडे आवाज होता.

आता तो पडद्यावरच्या अक्षरांवर नजर रोखून लिहितो. ती सोयही मीच बसवली. हल्ली नव्या वेलँडमध्ये बटणाची अडचण पुष्कळशी सुटली आहे. वॉचमनला सांगून ठेवलं की तो ठरावीक निरोप दुसऱ्या घरी पोचवतो, असं समजा. दुकानात गेमसाठी लिनक्स मागायला कुणी आलं तर मी पडदा कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतं, हे नंतर विचारतो. आधी विचारतो, "खेळताना कुणाशी बोलता?" लोकांना वाटतं म्हातारा गप्पा मारतोय. मग त्यांच्यासमोर खेळ लावतो, खेळ पुढे ठेवूनच त्यांना बोलायला लावतो, आणि पलीकडून कुणी ओ देईपर्यंत मशीन हातातून सोडत नाही.

रविवारी मी अजून जोडला जातो. आता तिथे रेमंड एकटाच बोलतो. मध्ये डिपरची वाट पाहायला थांबतो. मागच्या खेपेला प्रदीपकडे गेलो तेव्हा त्यानं नजरेनं एकेक अक्षर उचलत लिहिलं, "तो माइक चांगला होता." मी पुन्हा हो म्हणालो.

माइक चांगला नव्हता, प्रदीप. साधा होता. जुनाही बिघडलेला नव्हता. तुझा आवाज होता, आणि तुझ्या आईला तो भांडी घासतानाही ऐकू येत होता, ती खरं सांगत होती. मी तुझ्यासाठी चुकीची निवड केली, चुकीचं तपासलं आणि कळल्यावर गप्प बसलो.

हे इथे लिहून झालं, पण हे सांगणं नव्हे. हा अंक चंदनसारला जात नाही. तुझ्या आणि तुझ्या आईच्या समोर बसून, माझ्या तोंडानं हे म्हणणं मी अजून देणं लागतो.